लाल रेषेचा अर्थ

कोपरगाव हे अहिल्यानगर जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गाव. त्याच्या वरच्या अंगाला, नाशिकला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर मोजण्याची जुनी रीत आहे. ही खूण आलेला पूर सांगते, संभाव्य पूर नव्हे.

१९८९ साली महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने परिपत्रक काढून नदीकाठासाठी दोन पूररेषा ठरवल्या. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत घरे बांधण्यास मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोहोंमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध.

या 'शंभर वर्षां'नी आपली फसगत होते. पूर येऊन गेला म्हणजे शतकभराची निश्चिंती, असे नाही. लाल रेषेवरच्या घरात पाणी शिरण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असतेच. ३० वर्षांत एकदाही न शिरण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. उरलेली २६ टक्के! घरकर्ज फिटेपर्यंत चार घरांत एक, असा हा हिशेब. रेषेच्या आत धोका याहून अधिक.

२०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' विम्यात पुराचे नुकसान धरलेले आहे. पण विम्याने पैसे मिळतात, पाणी अडत नाही. म्हणून आम्ही सुचवतो : आधी रेषा पाहावी, मग जागा, मग विमा. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.