फुप्फुसाचा कॅन्सर: वय ७५ असेल तर ऑपरेशन करता येतं का?

"आता या वयात कशाला चिरफाड?" वडिलांना किंवा आजीला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं की अनेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. त्यामागे काळजीच असते. पण याच वाक्यामुळे बरा होण्याची संधी हुकू शकते. कारण फक्त वय जास्त आहे म्हणून ऑपरेशन नाकारलं जात नाही.

ऑपरेशन कोणाचं होतं?

कॅन्सर फुप्फुसापुरता किंवा जवळच्या गाठींपुरता मर्यादित असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. तो मेंदू, हाडं किंवा यकृतात पसरलेला असेल, तर सहसा औषधोपचार केले जातात. म्हणूनच निदान लवकर होणं महत्त्वाचं. आपल्याकडे खोकला, घटणारं वजन आणि एक्स-रेवरचा डाग पाहून आधी टीबीची शंका येते. थुंकीची तपासणी न करताच टीबीची औषधं सुरू झाली, तर महत्त्वाचे महिने वाया जातात.

किती फुप्फुस काढतात?

उजव्या फुप्फुसाचे ३ आणि डाव्याचे २ भाग असतात. १९३३ मध्ये अमेरिकेत डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी एक अख्खं फुप्फुस काढलं आणि रुग्ण वाचला. पुढे गाठ असलेला एकच भाग काढण्याची पद्धत रुळली.

२०२२ मध्ये जपानमधल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट समोर आली. गाठ २ सेंटीमीटर किंवा त्याहून लहान, फुप्फुसाच्या कडेला आणि न पसरलेली असेल, तर त्याहूनही छोटा तुकडा काढणं पुरेसं ठरू शकतं. ज्येष्ठांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण श्वासासाठी जास्त फुप्फुस शिल्लक राहतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छेदही लहान असतात.

डॉक्टर काय पाहतात?

- फुप्फुसांची ताकद: यंत्रात फुंकर मारून होणारी तपासणी. ऑपरेशननंतर किती क्षमता उरेल, याचा अंदाज त्यातून बांधतात.
- हृदय: ईसीजी, गरजेनुसार इको.
- दम: ६ मिनिटांत किती चालता येतं, किती जिने चढता येतात.
- एकूण तब्येत: वजन, स्मरणशक्ती, स्वतःची कामं स्वतः करता येणं.

त्यामुळे रोज फिरायला जाणारे ७८ वर्षांचे आजोबा ऑपरेशनसाठी योग्य ठरू शकतात आणि ६० वर्षांची, सतत धाप लागणारी व्यक्ती कदाचित नाही.

धोका किती?

धोका असतोच. न्यूमोनिया, हृदयाचे ठोके अनियमित होणं, काही दिवस गोंधळल्यासारखं वागणं, हे ज्येष्ठांमध्ये जास्त दिसतं. बिडी-सिगारेट बंद करणं, चालणं, पुरेशी प्रथिनं आणि तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम यांनी धोका कमी करता येतो.

ऑपरेशन झेपणार नसेल तर?

सुरुवातीच्या टप्प्यातल्या लहान गाठीसाठी नेमका मारा करणारं रेडिएशन हा पर्याय आहे. त्यात चिरफाड नसते आणि मोजक्याच बैठका लागतात.

डॉक्टरांना हे विचारा

कॅन्सर कोणत्या टप्प्यावर आहे? ऑपरेशननंतर श्वासाची क्षमता किती राहील? रेडिएशन चालेल का?

आणि एक प्रश्न घरी विचारा, ज्यांना आजार झालाय त्यांनाच: "तुम्हाला काय वाटतं?" अनेकदा रिपोर्ट त्यांच्यापासून लपवला जातो. पण शरीर त्यांचं आहे, त्यामुळे निर्णयात पहिला शब्दही त्यांचाच हवा.