पेठ, परपेठ आणि पिन

प्रवासात पैसा सांभाळायचा कसा, हा प्रश्न क्रेडिट कार्डापेक्षा फार जुना आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवायला उत्तरेकडे गेले, ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि जवळचे धन लुटले गेले. रोख रकमेचे हेच असते. ज्याच्या हातात ती, तो तिचा मालक.

यावर आपल्या पेढीवाल्यांनी काढलेला उतारा म्हणजे हुंडी. हुंडीत रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि शिवाय तिची निमपट सांगून 'त्याची दुप्पट' असेही लिहीत. म्हणजे शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागे. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. चोराने हुंडी पळवली तरी ती वटवायला त्याला आधी एखादा सावकार गाठावा लागे. ('शहाजोग' म्हणजे मुळात पत असलेला माणूस. आज आपण तो शब्द टोमणा मारायला वापरतो, हे सावकारांचे नशीब!) हुंडी हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. यांपैकी एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. कागद गेला तरी पैसा जात नाही, ही सोय त्यात होती.

युरोपात रॉबर्ट हेरीज या लंडनच्या सावकाराने १७७२ च्या सुमारास परगावी वटणाऱ्या फिरत्या नोटा काढल्या. पुढे अशा नोटांबरोबर प्रवाशाच्या सहीचा नमुना असलेले एक ओळखपत्र मिळू लागले. ते आणि नोटा एकत्र ठेवू नका, अशी ताकीद असे. एक पेटीत, एक अंगावर. मला वाटते, प्रवासातल्या पैशाच्या सुरक्षिततेबद्दल सांगण्यासारखे बहुतेक सगळे या एका ताकिदीत आले.

मग १८९० साली अमेरिकन एक्स्प्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात गेले. मोठी शहरे सोडली तर त्यांच्या पतपत्राला कोणी विचारीना. ते वैतागून परतले आणि हाताखालच्या मार्सेलस बेरी यांना त्यांनी तोड काढायला सांगितली. १८९१ मध्ये ट्रॅव्हलर्स चेक आला. एक सही विकत घेताना, दुसरी वटवताना, समोरच्याच्या डोळ्यांदेखत. मी बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. पहिल्यांदा परदेशी निघालेली मंडळी उत्साहाच्या भरात दोन्ही सह्या काउंटरवरच ठोकून मोकळी होत. मग आम्ही डोक्याला हात लावायचो, कारण अशा चेकची सारी राखण तिथेच संपली! चेकांचे क्रमांक लिहिलेली पावती निराळ्या बॅगेत ठेवा, हेही आम्ही बजावत असू. त्या पावतीवर हरवलेल्या चेकांची भरपाई मिळे. आज हे चेक जवळजवळ नामशेष झाले आहेत.

डायनर्स क्लबचे कार्ड १९५० साली न्यूयॉर्कमध्ये निघाले. कार्डाने सोय आणली, पण जुनी शिस्त मोडली. क्रमांक, मुदत, सही आणि पुढे पाठीमागचे ते तीन आकडे, सगळे एकाच तुकड्यावर. चुंबकीय पट्टीची नक्कल करणे तर सोपेच होते. चिप आणि पिन आल्यावर गुपित पुन्हा कार्डापासून वेगळे होऊन डोक्यात गेले. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून देशातल्या ऑनलाइन व्यवहारांना कार्डावर नसलेली आणखी एक खूण सक्तीची केली. पण परदेशी संकेतस्थळे ओटीपी विचारतीलच असे नाही. तिथे कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटोही चोराला पुरतो.

घरदार बंद करून, लॅपटॉप घेऊन बारमाही फिरणारी मंडळी आता आपल्याकडेही दिसतात. त्यांची अडचण वेगळी आहे. कार्ड बंद करायला एक फोन पुरतो, पण नवे कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येते, आणि तिथे कुलूप! ओटीपी ज्या सिमवर यायचा ते परदेशात मुके. शिवाय कार्ड आणि फोन एकाच पिशवीत. पिशवी गेली की कागदही गेला आणि ओळखही गेली.

अशांनी दोन वेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगळ्या सामानात ठेवावीत. दुसरे कार्ड ही त्यांची पेठ. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टेकवून पैसे देणे ही सोय हवी तेव्हा चालू-बंद करण्याची व मर्यादा ठरवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२० साली आणली. ती वापरणारे मला फार थोडे भेटतात. मायदेशीचे सिम रोमिंगवर जिवंत ठेवावे, आणि बँकेचा मदत क्रमांक कागदावर लिहून सामानात टाकावा, फोनमध्ये नव्हे. कारण इथे वेळेला किंमत आहे. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्यावर शून्य भार, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातला. चौथ्या दिवसापासून ग्राहकाच्या खिशाला हात लागू लागतो.