मुकादमाच्या जागी कोण? वाडीची गोदामे आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास

मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय आपल्याकडे विद्यापीठात पोचला, त्यामागे मुकादमाचा मोठा वाटा आहे. गिरण्यांमध्ये कामगार भरायचा जॉबर, म्हणजेच मुकादम. पाळी द्यायचा तोच, उसने पैसे द्यायचा तोच, दस्तुरी घ्यायचा तोच आणि मनात आले की काढूनही टाकायचा तोच. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात भरतीचे हे अधिकार जॉबरकडून काढून एका कामगार अधिकाऱ्याला द्यावेत आणि त्या अधिकाऱ्याने थेट जनरल मॅनेजरलाच जबाबदार असावे, अशी शिफारस केली. असा अधिकारी घडवायचा तर शिक्षण हवे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालणारी परळची श्रम विज्ञान संस्था १९४७ची. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले आणि या शिक्षणाला नोकरीची हमी मिळाली. या अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात व्यवस्थापनाची बाजू मांडू नये, असे बंधनही अनेक राज्यांच्या नियमांनी घातले. त्या काळी हा विषय मालक आणि कामगार यांच्या मधोमध उभा होता.

पुढे तो मालकाच्या बाजूला सरकला. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने १९७५च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तिथून भर आला तो कामगिरीचे मूल्यमापन, प्रशिक्षण आणि नेतृत्वविकास यांवर. त्यात चांगले पुष्कळ होते. पण त्या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे: कामावर घेणारा, काम सांगणारा, पगार देणारा आणि काढणारा मालक एकच असतो. एमबीएच्या वर्गात हे गृहीतक कुणी उच्चारतही नाही, कारण ते सर्वांना उघड वाटते.

ते तपासायला नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रस्त्यावरच्या वाडीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. इथे रोजगाराच्या तीन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. पहिली अंबाझरीच्या आयुध निर्माणीची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि अंबाझरी ‘यंत्र इंडिया लिमिटेड’कडे गेली; सरकारी कर्मचारी मात्र ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर त्याच यंत्रांपुढे राहिले. सेवाशर्ती सरकारच्या आणि रोजचे काम कंपनीचे, हा पेच स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. दुसरी तऱ्हा हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांची: स्थायी आदेश, संघटना, वेतनकरार. पाठ्यपुस्तक लिहिले गेले ते हिच्यासाठी. तिसरी खुद्द वाडीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांची, आणि माझ्या मते पदव्युत्तर विद्यार्थ्याने सुरुवात तिथून करावी.

देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपुरात मालाची चढउतार जुनीच आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर करासाठी राज्याराज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली आणि मध्यवर्ती ठिकाणच्या मोठ्या गोदामांचे महत्त्व वाढले. आता अशा गोदामातल्या एका हमालाचा रोजगार उलगडून पाहा. त्याला कामावर आणतो टोळीचा मुकादम. मजुरी ठरते नगावर किंवा टनावर. ती कधी गोदामवाला देतो, कधी कंत्राटदार, तर कधी वाराई म्हणून ट्रकचालकाच्या खिशातून वसूल होते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच निघाली. काम शिकवतो टोळीतला जुना गडी. ट्रक किती वाजता लागणार, म्हणजे कामाचा वेग काय असणार, हे दूरच्या शहरातली माल पाठवणारी कंपनी ठरवते. पाठीत उसण भरली तर सुट्टी कोणाकडे मागायची, याचे उत्तर मात्र सहजी मिळत नाही. भरती, वेतन, प्रशिक्षण, शिस्त, आरोग्य ही पुस्तकातली पाचही प्रकरणे इथे हजर आहेत, फक्त ती चार-पाच वेगवेगळ्या हातांत वाटली गेली आहेत.

याचा परिणाम मोजमापावरही होतो. गैरहजेरीचा दर काढताना बुडालेले मनुष्यदिवस नियोजित मनुष्यदिवसांनी भागतात. टोळीच्या कामात नियोजित दिवसच नसतात. ट्रक आला तर काम, नाही तर बसून. मग भागायचे कशाने? गळतीच्या दराचेही तेच. सोडून गेलेल्यांना सरासरी पटसंख्येने भागायचे, पण पट मुकादमाच्या वहीत असतो आणि त्या वहीत आठवड्याला नावे बदलतात. विद्यार्थी अशा ठिकाणी गेला की बहुधा कार्यालयातल्या पंधरा-वीस पगारी माणसांची प्रश्नावली भरून घेतो, समाधानाची टक्केवारी काढतो आणि इंटर्नशिपचा अहवाल बांधून देतो. गोदाम ज्यांच्या खांद्यावर चालते ते या अहवालात येतच नाहीत. हा दोष मी विद्यार्थ्याला देत नाही. त्याच्या हाती दिलेली मापेच दुसऱ्या प्रकारच्या रोजगारासाठी घडवलेली आहेत. टोळीसाठी वेगळी मापे लागतील: महिन्यात प्रत्यक्ष काम मिळालेले दिवस, ट्रकची वाट पाहण्यात गेलेले बिनमजुरीचे तास, उचलीपोटी मुकादमाकडे अडकलेली रक्कम, दुखापतीनंतर कामावर परतायला लागलेला काळ.

या विखुरलेल्या मालकीवर महाराष्ट्राने स्वतःचे एक उत्तर शोधले होते, आणि ते अभ्यासक्रमात ओझरते येते याचे मला मनापासून वाईट वाटते. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९च्या माथाडी कायद्याने मालक एकच असल्याचा आग्रहच सोडला. हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे, मालकाची नोंदही त्याच मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ मजुरी चुकती करते आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करते. याला गोदीचा आधार आहे: ब्रिटनमध्ये १९४७ साली आणि भारतात १९४८च्या गोदी कामगार कायद्याने अशीच सामायिक व्यवस्था स्वीकारली होती. व्हिटले आयोगाने कारखान्याच्या आत अधिकारी बसवायला सांगितले. माथाडी कायद्याने कारखान्याबाहेर मंडळ बसवले. मुकादमाच्या जागी कोण, या प्रश्नाची ही दोन भिन्न उत्तरे आहेत. दुसऱ्यातही दोष शिरले. नोंदणी टाळणारे मालक आहेत, हमालीच्या नावावर खंडणी मागणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी आहेत. त्या दोषांचा अभ्यास करणे हेही याच विषयाचे काम आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्यामुळे हे सारे आणखी निकडीचे झाले आहे. कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशेवर आली, पण ती कारखाना, खाण आणि मळा यांच्यासाठी. जिथे नुसता माल ठेवतात आणि हलवतात ते गोदाम यांपैकी कशातही सहसा बसत नाही. व्यावसायिक सुरक्षा संहितेने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावायला, काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. गाभ्याबाहेरच्या कामांच्या यादीत मालाची चढउतार आहे आणि वाहतूकही आहे. मात्र आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तरच, अशी अट त्याला जोडलेली आहे. साबणाच्या कारखान्यात हमाली गाभ्याबाहेर पडेल. वाडीतल्या गोदामाचा धंदाच चढउतारीचा असेल, तर तिथे ती गाभ्यात येते. माल एका कंपनीचा, शेड दुसऱ्याची, व्यवस्थापन तिसऱ्याकडे आणि टोळी चौथ्याची, अशा ठिकाणी आधी ठरवावे लागेल की आस्थापना नेमकी कुणाची. ते ठरवायला करारनामे, हजेरीच्या वह्या, वाराईच्या पावत्या आणि मंडळाच्या नोंदी एकत्र मांडून वाचाव्या लागतील. नागपूरच्या एखाद्या वर्गाने दोन सत्रे हेच काम हाती घेतले, तर त्या कागदांचा उपयोग परीक्षेच्या गुणांपलीकडे कामगार आयुक्तालयालाही होईल आणि हमालालाही.