माळवद, वाळूमाशी आणि मेंदूज्वर

नांदेड व लातूर भागातील जुन्या घराची ओळख म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर अशी ही बांधणी उन्हाळ्यात गारवा देई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात तीच जीवघेणी ठरली, हे सर्वश्रुत आहे. या भिंतींच्या भेगांशी आरोग्याचा एक इतिहासही जोडलेला आहे. भेगांतील आणि घराला लागून असलेल्या गोठ्यातील ओलसर, शेण मिसळलेल्या मातीत वाळूमाशी वाढते. हा कीटक डासाहून लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा असतो; बसताना तो पंख उभे धरतो, अंडी पाण्यात न घालता मातीत घालतो आणि त्याची मादी दिवस मावळल्यावर रक्त शोषते.

या माशीमार्फत पसरणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये, नागपूर भागात तापाची साथ चालू असताना, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील) भट्ट व रॉड्रिग्ज यांनी रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला आणि तेथील गावाचे नाव त्याला मिळाले. मराठवाड्याशी त्याचा संबंध लवकरच उघड झाला, कारण औरंगाबाद येथील वाळूमाश्यांतही तो सापडल्याची नोंद १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही त्याची भीषणता दिसायला २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली आणि तपासणीत चांदीपुरा विषाणूकडे बोट दाखवले गेले. करीमनगर व वरंगळ हे या साथीचे भाग एकेकाळी नांदेड, लातूर आणि औरंगाबाद यांच्यासह एकाच हैदराबाद संस्थानात होते, आणि नांदेडहून पुढे वाहणारी गोदावरी जुन्या करीमनगर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरूनच जाते. राज्यांच्या सीमा बदलल्या, परंतु माशीने त्या कधी जाणल्या नाहीत.

हा विषाणू मेंदूत घात कसा करतो, हे समजण्यासाठी त्याचे दारिद्र्य लक्षात घ्यावे लागते. बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या या कणाच्या जनुकीय साहित्यात अवघ्या पाच प्रथिनांची माहिती असते. पेशीत शिरणे, तिची यंत्रणा वापरून आपल्या प्रती काढणे आणि बाहेर पडणे ही सारी कामे त्याला पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांच्या साहाय्याने करावी लागतात. ज्या प्रथिनाला विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, त्याला ग्राही प्रथिन म्हणतात. याच कुळातील रेबीजच्या विषाणूबाबत १९८२ मध्ये असे दिसले की, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरील, एरवी स्नायूला आकुंचनाचा संदेश देणारे ग्राही प्रथिन त्याला चिकटण्यास जागा देते. चांदीपुराच्या आणखी जवळच्या नातलगाला, जनावरांना तोंड-जिभेवर फोड आणणाऱ्या एका विषाणूला, रक्तातील कोलेस्टेरॉल पेशीत घेणाऱ्या ग्राही प्रथिनाचा आधार मिळतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. शरीराने जगण्यासाठी उभारलेली दारेच अशा रीतीने विषाणूच्या उपयोगी पडतात.

दार ओलांडल्यानंतरचा विनाशही पुष्कळ अंशी शरीराच्या प्रथिनांतूनच घडतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील अनिर्बन बसू व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, चांदीपुराची लागण झालेल्या चेतापेशींत ‘फास’ नावाचे प्रथिन वाढते. हे प्रथिन म्हणजे पेशीला स्वतःला संपवण्याचा हुकूम देणारी कळच होय. एरवी निकामी पेशी काढून टाकण्यासाठी असलेली ही व्यवस्था चालू झाली की पेशीतील विघटक प्रथिने एकापाठोपाठ एक जागी होतात आणि ज्यांची भरपाई होत नाही अशा चेतापेशी मरतात. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत मूल हातचे जाते, त्यामागील कारणांपैकी हे एक असू शकते.

गुजरातमधील २०२४ च्या साथीने हे संकट ओसरले नसल्याचे दाखवून दिले. या विषाणूवर अद्याप खास औषध नाही आणि मान्यताप्राप्त लसही नाही. म्हणून ग्राही प्रथिनांचा अभ्यास प्रयोगशाळेत चालू राहिला पाहिजे, आणि तोवर गावोगावी भिंतींच्या भेगा लिंपल्या गेल्या पाहिजेत, गोठे घरापासून दूर हलवले गेले पाहिजेत आणि पावसाळ्यात झटक्यांसह ताप आलेल्या मुलाला त्याच तासाला रुग्णालयात नेले गेले पाहिजे.