दायमाबादचे ओतारी

परभणीत येण्याआधी गोदावरीला प्रवरा मिळते. या प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला, १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना तांब्याची चार शिल्पे सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. आपण त्यांना खेळणी म्हणतो खरे, पण एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक, शिवाय ओतकाम भरीव!

असे ओतकाम बहुधा मेणावर होते. मेणाचा गेंडा घडवून त्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढायचे, पोकळीत धातूचा रस ओतायचा. शेवटी साचा फोडावाच लागतो.

बरेच अभ्यासक ही शिल्पे सुमारे ४००० वर्षांपूर्वीची, उत्तर हडप्पाकालीन मानतात. मात्र तांब्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले आणि काहींना शंका आली. मातीच्या थरावरून काळ ठरवता आला असता. पण वस्तू उत्खननात मिळाल्याच नव्हत्या.