नागपूरची पाळणाघरे आणि बालसंगोपनाचे मोजमाप

१ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, नागपुरात जुम्मा तलावाच्या परिसरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. या शहराच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभ सर्वजण येथूनच धरतात. परंतु लहान मुलांच्या संगोपनाचा जो काही संस्थात्मक इतिहास नागपुराला आहे त्याचेही एक मूळ याच गिरणीच्या आवारात सापडते, ही गोष्ट शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या दृष्टीतून बहुधा निसटलेली आहे. शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळांची दप्तरे उघडतो, आणि तीन वर्षांचे मूल त्या दप्तरांत कोठेच नसते; त्याचा शोध त्याची आई जेथे मजुरी करीत होती तेथे घ्यावा लागतो.

गिरणीतील रीलिंग आणि वाइंडिंग ही खाती मुख्यत्वे स्त्रियांची. पहाटेच्या भोंग्याला घर सोडणाऱ्या आणि दिवे लागल्यावर परतणाऱ्या या स्त्रियांपुढे अंगावरचे मूल कोणाच्या हवाली करावे हा प्रश्न रोजचाच होता, आणि हिंदुस्थानातील गिरण्यांच्या गावांतून त्याचे सर्वांत प्रचलित उत्तर होते अफूची गोळी. मूल दिवसभर गुंगीत राही, रडत नसे, दूध मागत नसे. आईची मजुरी बुडत नसे आणि मुलाची प्रकृती मात्र तिळातिळाने खालावत जाई. या मातांना अज्ञानी म्हणून दोष देणारे लेखन त्या काळी पुष्कळ झाले. ते मला अन्यायाचे वाटते. कारण दुसरा कोणताही पर्याय हाताशी नसलेल्या स्त्रीने केलेली ती निरुपायाची तजवीज होती. पर्याय उभा करणे हे मालकांचे आणि सरकारचे काम होते. बेझनजी दादाभाई मेहता यांच्या व्यवस्थापनाखाली एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी काढला होता. कामगारहिताची ही परंपरा पुढे वाढत जाऊन मुलांसाठी पाळणाघरेही निघाली, आणि तेथे ठेवलेल्या मुलाला कामाच्या मधल्या वेळेत येऊन पाजण्याची मुभा आईला मिळाली. त्या काळच्या नागपुरात ही सामान्य गोष्ट नव्हती.

एका मालकाच्या सद्बुद्धीवर जे अवलंबून असते ते मालक बदलताच संपुष्टात येऊ शकते, म्हणून अशा सोयींना कायद्याचे अधिष्ठान हवे असते. ते येण्यास बराच काळ लागला. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने नागपुरासह ठिकठिकाणच्या कामगारांची स्थिती तपासून १९३१ मध्ये आपला अहवाल दिला; मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने त्याआधीच, १९३० साली, प्रसूतिसाहाय्याचा कायदा मंजूर केला होता; आणि १९३४ च्या कारखाने कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यातील अठ्ठेचाळिसाव्या कलमाने ही सक्ती सर्वत्र लागू केली. हे कलम प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने एकदा तरी वाचावे असे मला वाटते. खोली पुरेशी मोठी असावी, तीत उजेड आणि वारा खेळता असावा, ती स्वच्छ राखावी, आणि तिचा कारभार बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या हाती असावा, अशा चार अटी त्यात होत्या. शिवाय मुलांचे कपडे धुण्याची व बदलण्याची सोय, विनामूल्य दूध वा अल्पाहार आणि आईने ठरावीक वेळाने येऊन मुलाला पाजणे यांविषयी नियम करण्याची तरतूदही होती. बालसंगोपनाच्या गुणवत्तेचे जे निकष आज मोठमोठ्या अहवालांतून मांडले जातात, त्यांचा गाभा या रूक्ष कलमात अगोदरच आलेला आहे.

मात्र हा गाभा केवळ कारखान्यांच्या संदर्भात घडला असे म्हणणे नागपूरवर अन्याय करणारे होईल. तरुणपणीच वैधव्य आलेल्या आणि शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये याच शहरात मातृसेवा संघाची स्थापना केली, आणि बाळाला हात लावणारी स्त्री प्रशिक्षितच असली पाहिजे हा आग्रह विदर्भाच्या गावोगावी पोहोचवला. नागपूरहून काही कोसांवर सेवाग्रामी, १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमचे क्षेत्र १९४५ मध्ये विस्तारले आणि सात वर्षांखालील मुलांचे पूर्व-बुनियादी शिक्षण तिच्यात समाविष्ट झाले. तेथे धड्याआधी स्वच्छता, आरोग्य आणि आहार यांना स्थान होते, आणि साधने खेड्यात मिळतील तीच वापरायची होती. विवाहानंतर काही काळ अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडक यांनी त्याच १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि अंगणवाडी ही कल्पना रुजली. माँटेसरीची महागडी उपकरणे ज्यांना परवडणार नाहीत त्यांच्या मुलांनाही तितकेच उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे, हा ताराबाईंचा हट्ट होता.

कायद्याची मर्यादा कोठे उघडी पडली हे पाहायचे असेल तर कामठी, भंडारा, गोंदिया या बिडीच्या मुलखात जावे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानेही पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघराची सक्ती केली; परंतु कारखान्याच्या छपराखाली चालणारे काम ठेकेदारांमार्फत घरोघर वाटून देण्याची वाट मालकांना मोकळी होती, आणि ती त्यांनी सर्रास धरली. कायदा कारखान्याच्या भिंतीला बांधलेला. भिंत नाहीशी होताच पाळणाघराचा हक्कही नाहीसा झाला. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बोटे अखंड चाललेली, आणि शेजारी गोधडीवर त्याच धुळीत खेळणारे लेकरू, हे दृश्य या भागातील दोन-तीन पिढ्यांनी पाहिले आहे. या बालकांपर्यंत कोणतेच निकष पोहोचले नाहीत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आईच्या नोकरीशी संबंध न ठेवता वस्तीतील प्रत्येक बालकाला आहार, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचा तिचा संकल्प होता, म्हणून बिडीवालीच्या मुलालाही प्रथमच कोणाच्या तरी हजेरीपटावर स्थान मिळाले. यापूर्वीच्या सर्व प्रयत्नांहून मी हे पाऊल मोठे मानतो. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने निकषही आकड्यांत सांगितले: तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटरचे अंगण, दररोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला. कागदावर आता फारसे काही करायचे उरलेले नाही.

उरले आहे ते अठ्ठेचाळिसाव्या कलमातील चौथ्या अटीचे काम. शिक्षित स्त्रीच्या हाती कारभार द्यावा असे त्या कलमाने सांगितले, आणि तो जिच्या हाती दिला त्या अंगणवाडी सेविकेला शासन वेतन न देता मानधन देते. आहारवाटप, वजनाच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि भ्रमणध्वनीवर माहिती भरणे हे सारे उरकून मग ती गोष्ट सांगायला आणि गाणे म्हणायला बसते. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा विधानभवनाकडे निघणाऱ्या मोर्चांत या सेविका वर्षानुवर्षे येत आल्या आहेत, आणि ४ डिसेंबर २०२३ पासून तर राज्यभरातील सेविकांनी बेमुदत संप केला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य करताना त्यांचे मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते वेतनच होय असा निर्णय दिला. तरीही सरकारी कागदांतील त्यांचा दर्जा मानसेवी हाच राहिला.

नागपूरकर वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या वस्तीतील अंगणवाडीत एकदा जावे, खोली आणि अंगण डोळ्यांखालून घालावे, वीस मुलांमागे एक बाई आहे की चाळीसांमागे हे मोजावे, तिला गेल्या महिन्याचे पैसे कधी मिळाले ते विचारावे, आणि जे उणे आढळेल त्याविषयी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे स्वतःच्या सहीचा अर्ज द्यावा.