पोकलेनने चर खोदताना काय सांभाळावं?

जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणण्यासाठी २,५०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीचं काम हाती घेण्यात आलं. एवढा पाइप बसवायचा तर चर माणसाच्या उंचीपेक्षा खोल लागतो. तिथे मोठा धोका कडा ढासळण्याचा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून ‘आयएस ३७६४’ हे भारतीय मानक मातीतल्या दीड मीटरपेक्षा खोल चराच्या कडांना आधार द्यायला सांगतं.

खणलेली माती आणि यंत्र काठापासून लांब ठेवा, त्यांचा भार कडेवर येतो. पोकलेन फिरताना ऑपरेटरला मागचं नीट दिसत नाही, म्हणून इशारा देणारा माणूस एकच हवा. बकेट चालू असताना चरात कुणीही उतरू नये. एक घनमीटर मातीचं वजन साधारण दीड टन भरतं. त्याखाली सापडलेल्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही.